नळाला बसवायची पाण्याची गाळणी : निवड, वापर व निगा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतील स्वयंपाकघरांत नळाच्या तोंडावर बसविलेली लहानशी गाळणी आता सर्रास दृष्टीस पडते. हिला वीज लागत नाही, भिंतीला भोके पाडावी लागत नाहीत, आणि भाड्याची खोली सोडताना ती काढून बरोबर नेता येते. त्यामुळे चाळीतील व लहान घरांतील कुटुंबांना ती सोयीची वाटते. गणपतीस किंवा दिवाळीस गावी जाणारी नोकरदार मंडळी तशीच एक गाळणी गावच्या घरासाठीही घेऊन जातात. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमुळे खेड्यातील पुष्कळ घरांत नळ आला आहे. तेव्हा ती बसविण्यास अडचणही पडत नाही.

हेतू चांगला आहे. परंतु बोरिवलीच्या नळातून येणारे पाणी आणि गावच्या विहिरीतून थेट नळात सोडलेले पाणी ही दोन पाणी सारखी नव्हेत. गाळणी तीच असली तरी दोन्ही ठिकाणी फळ सारखे मिळत नाही. एके ठिकाणी ती उपयुक्त साधन ठरते, तर दुसऱ्या ठिकाणी घरच्या माणसांना खोटा दिलासा देते. हा फरक ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी नीट समजून घेणे जरूर आहे. गाळणी कशी निवडावी, कशी वापरावी आणि तिच्यावर कोठे विसंबू नये, याची माहिती या लेखात दिली आहे.

उपनगरातील नळाचे पाणी

मुंबईस पाणी पुरविणारे तलाव सात आहेत : विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा व भातसा. यांपैकी विहार १८६० साली व तुळशी १८७९ साली बांधून पुरा झाला. हे दोन्ही उपनगरांच्या मधोमध, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून शहरास मिळू लागले. मध्य वैतरणा हा सर्वांत अलीकडचा असून तो २०१४ साली पुरा झाला. उपनगरांचा महानगरपालिकेच्या हद्दीत समावेश १९५० व १९५७ साली, असा दोन टप्प्यांत झाला. तोपर्यंत येथील अनेक गावठाणांची भिस्त विहिरींवरच असे. पुढे जलवाहिन्यांचे जाळे पसरले आणि विहिरी मागे पडल्या.

तलावाचे पाणी जसेच्या तसे नळात येत नाही. त्याचा फार मोठा भाग मुलुंडशेजारील भांडुप येथील जलशुद्धीकरण केंद्रात आणि ठाणे जिल्ह्यातील पांजरापूर येथील केंद्रात शुद्ध केला जातो. तेथे पाण्यात तुरटीच्या जातीचे द्रव्य मिसळून गाळ एकत्र केला जातो, तो तळाशी बसू दिला जातो, वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. क्लोरीनचे काम केंद्राच्या दारातच संपत नाही. त्याचा थोडा अंश पाण्यात मुद्दाम शिल्लक ठेवतात, म्हणजे वाटेत एखादा रोगजंतू शिरलाच तर तो तेथेच मारला जावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे हा शिल्लक क्लोरीन एका लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावा. नळाच्या पाण्यास कधीकधी जो औषधासारखा वास येतो तो या पहारेकऱ्याचा असतो. वास आला म्हणून पाणी वाईट, असे समजणे चुकीचे होय.

मग गाळणी कशासाठी ?

शुद्ध झालेले पाणी घरच्या तांब्यात पडेपर्यंत त्यास दोन अडचणींतून जावे लागते. पहिली अडचण जलवाहिनीची. उपनगरांतील बहुतेक भागांस दिवसातून काही तासच पाणी मिळते. पाणी चालू असताना नळाच्या आत दाब असतो, म्हणून फटीतून पाणी बाहेर झिरपते. पाणी बंद झाले की आतला दाब जातो. अशा वेळी जुन्या जोडातून किंवा गंजलेल्या भागातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाण्याची भीती असते. जोड गटाराजवळून गेलेली असेल तर धोका अधिक. कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे चोवीस तास पाणी मिळणाऱ्या व खंडित पाणी मिळणाऱ्या वस्त्यांची तुलना केली गेली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले असून, खंडित पुरवठ्याच्या पाण्यात दूषितपणा अधिक वेळा आढळला. पाणी सुटते तेव्हाच्या पहिल्या लोटाची विशेष काळजी घ्यावी, हा त्यातून मिळणारा धडा आहे.

दुसरी अडचण टाकीची. बहुतेक इमारतींत पाणी प्रथम जमिनीखालील टाकीत पडते, तेथून पंपाने गच्चीवरील टाकीत चढते आणि मग घरोघर उतरते. टाकीचे झाकण तुटके असेल, तळाशी गाळ साचला असेल, किंवा जमिनीखालील टाकीच्या शेजारून सांडपाण्याची मोरी जात असेल, तर भांडुपला केलेली सारी मेहनत इमारतीच्या आवारात वाया जाते. पाणी टाकीत साचून राहिले की क्लोरीनही हळूहळू उडून जातो.

याकरिता गाळणी घेण्याआधी टाकी पाहावी. ती वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा, उपसून, घासून व क्लोरीनने धुऊन घ्यावी. झाकण घट्ट बसणारे व हवेच्या नळीस बारीक जाळी लावलेली असावी; त्याने डासांचाही बंदोबस्त होतो. एक टाकी स्वच्छ झाली तर साऱ्या इमारतीचे पाणी सुधारते. घरोघर बसविलेल्या गाळण्यांनी ते साधत नाही.

टाकी स्वच्छ असली व नळाला क्लोरीनयुक्त पाणी येत असले, तर नळावरील गाळणी राहिलेले किरकोळ दोष काढून टाकते. जुन्या नळांतील गंज, वाळूचे कण, पावसाळ्यातील थोडा गढूळपणा व क्लोरीनचा वास तिच्यामुळे कमी होतो. उपनगरात तिचे खरे काम एवढेच आहे, आणि ते ती चांगले करते.

गाळणी काय अडवते व काय अडवत नाही

कोणतीही गाळणी म्हणजे एक चाळणीच. तिच्या छिद्रापेक्षा मोठे ते अडते, लहान ते खाली जाते. हे माप मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. आमांशाच्या आमिबाचे कोष सुमारे १० ते १५ मायक्रॉनचे, पटकी व विषमज्वर यांचे जंतू साधारण अर्धा ते तीन मायक्रॉनचे, तर काविळीचे विषाणू अवघे ०.०३ मायक्रॉनचे असतात. जी गाळणी पाच मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते ती गंज व आमिबाचे कोष रोखील. परंतु विषमज्वराचे जंतू तिच्यातून सहज निसटतील आणि काविळीच्या विषाणूला तर ती उघडे दारच ठरेल.

साधी चाळणीही योग्य शत्रूविरुद्ध किती प्रभावी ठरते, याचे उदाहरण आपल्या राज्याच्या ग्रामीण भागास परिचित आहे. नारूचा रोग पाण्यातील एका सूक्ष्म किड्यामार्फत पसरत असे. हा किडा सुमारे एक मिलिमीटर लांबीचा असल्याने दाट कापडातून जात नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाण्यात औषध टाकणे व पाणी कापडातून गाळून पिणे अशा साध्या उपायांनी हा रोग हटविता आला. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. बांगलादेशात चार पदर केलेल्या जुन्या साडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला, तेव्हा पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने उतरल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. पटकीचे जंतू पाण्यातील अशाच बारीक जीवांना चिकटून राहतात, म्हणून कापडाने ते अडले. मात्र ते केवळ निम्म्यानेच अडले, हेही ध्यानात ठेवावे. सुटे जंतू कापडातून पार होतातच.

पाण्यात विरघळलेले पदार्थ तर कोणत्याच साध्या चाळणीने अडत नाहीत. खारेपणा, जडपणा, फ्लोराइड व नायट्रेट ही त्याची उदाहरणे होत. पाण्यात विरघळलेले मीठ गाळून काढता येत नाही, तशीच ही गोष्ट आहे.

आतील भरण्याचे प्रकार

बाजारातील गाळण्या वरून सारख्या दिसल्या तरी आतील कार्ट्रिज, म्हणजे बदलावयाचा भाग, निरनिराळा असतो. त्याचे मुख्य चार प्रकार आहेत.

१. कापसासारखे दाबलेले कापड : माती, गंज व वाळू अडविते. जंतू अडवीत नाही. किंमत सर्वांत कमी.

२. सक्रिय कोळसा : विशेष रीतीने तयार केलेला हा कोळसा असंख्य सूक्ष्म छिद्रांचा असतो. तो क्लोरीन, वास व काही रासायनिक द्रव्ये आपल्याकडे धरून ठेवतो. पाण्याची चव सुधारते. परंतु एकट्या कोळशाने जंतूंपासून संरक्षण मिळत नाही.

३. चिनी मातीची कॅण्डल : चांगल्या प्रतीची असल्यास पुष्कळसे जंतू अडविते. वरून घासून पुन्हा वापरता येते, पण पाणी मंद येते आणि तडा गेल्यास निरुपयोगी होते.

४. पोकळ धाग्यांची जाळी : शेवयांसारख्या बारीक पोकळ धाग्यांच्या भिंतींतून पाणी गाळले जाते. छिद्र ०.१ मायक्रॉन किंवा त्याहून लहान असल्यास पटकी, विषमज्वर इत्यादींचे जंतू अडतात. काविळीचे विषाणू ०.१ मायक्रॉनच्या छिद्रातून मात्र जाऊ शकतात.

पुष्कळ गाळण्यांत यांपैकी दोन-तीन प्रकार एकामागून एक बसविलेले असतात. उपनगरातील नळासाठी कापड, कोळसा व पोकळ धागे असा तिहेरी भरणा पसंत करावा. केवळ कोळशाची गाळणी घेतल्यास पाणी चवीला बरे लागेल, पण तेवढ्याने ते अधिक सुरक्षित होणार नाही.

येथे उलट गाळणीच्या, म्हणजे आर. ओ. यंत्राचाही उल्लेख केला पाहिजे. ते विरघळलेले क्षारही काढते. मात्र त्यास वीज लागते, किंमत जास्त पडते आणि लिटरभर पाणी मिळविताना घरगुती यंत्रांतून बहुधा दोन-तीन लिटर पाणी वाया जाते. पाण्यातील एकूण विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. मुंबईच्या तलावांचे पाणी पावसाचे असल्याने त्यात क्षार या मर्यादेहून पुष्कळच कमी असतात. तेव्हा केवळ तलावाचे पाणी पिणाऱ्या कुटुंबास या यंत्राची सहसा गरज नाही. टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी टाकीत मिसळत असेल तर गोष्ट निराळी. तेथे पाणी तपासूनच निर्णय घ्यावा.

विकत घेण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट नळाची. नळाचे टोक आटे असलेले आहे, की जुन्या पितळी तोटीसारखे गुळगुळीत आहे, हे पाहावे. आटे असल्यास त्यांचे माप घ्यावे. जुना वॉशर किंवा टोकाची जाळी काढून दुकानात दाखविली तरी चालते. गुळगुळीत तोटीस रबरी बाही व आवळण्याची पट्टी असलेली गाळणी लागते. धुण्याच्या हेतूने वळणारा, किंवा बाहेर ओढून घ्यावयाचा लवचीक नळ असेल तर ही गाळणी सहसा नीट बसत नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. पाण्याच्या दहा मीटर उंचीने साधारण एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो. गच्चीवरील टाकीच्या लगेच खाली राहणाऱ्या कुटुंबास तीन मीटरच उंची मिळत असेल, तर दाब त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमीच राहील. गाळणीस लागणारा किमान दाब खोक्यावर छापलेला असतो, तो वाचावा. दाब कमी पडत असल्यास वरच्या मजल्यावरील घरांनी ओट्यावर ठेवण्याची, दोन भांड्यांची कॅण्डलची गाळणी घेणे शहाणपणाचे ठरते.

तिसरी गोष्ट छापील दाव्यांची. "शंभर टक्के शुद्ध" अशा शब्दांवर जाऊ नये. छिद्र किती मायक्रॉनचे, जंतूंविरुद्ध चाचणी झाली आहे काय, आणि कार्ट्रिज किती लिटर पाणी गाळील, ही तीन उत्तरे शोधावीत. काही गाळण्यांवर एन. एस. एफ. या संस्थेच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. क्रमांक ४२ हा चव, वास व क्लोरीन यांच्याशी, तर क्रमांक ५३ हा शिसे व कृमिकोष यांसारख्या आरोग्यास अपायकारक गोष्टींशी संबंधित आहे. केवळ ४२ असेल तर ती गाळणी चवीसाठी आहे असे समजावे.

चौथी गोष्ट कार्ट्रिजच्या पुरवठ्याची. गाळणी एकदाच घ्यावी लागते, कार्ट्रिज मात्र वारंवार. ते जवळच्या दुकानात नेहमी मिळते काय व त्यास किती पडते, हे आधी विचारावे. गावी नेण्याच्या गाळणीबाबत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तालुक्याच्या बाजारात कार्ट्रिज मिळत नसेल, तर ती गाळणी काही महिन्यांनी नळावर शोभेपुरतीच उरते.

बसविणे व रोजचा वापर

नळाचे टोक स्वच्छ पुसून, वॉशर सरळ बसवून गाळणी हाताने आवळावी. पक्कडीने जोर केल्यास प्लॅस्टिकचे आटे तुटतात. नवे कार्ट्रिज घातल्यावर पहिली पाच मिनिटे किंवा सूचनेत दिलेला वेळ पाणी वाहू द्यावे. आरंभी कोळशाची काळसर पूड येते, ती अपायकारक नसते. हे पाणी बादलीत धरून लादी पुसण्यास वापरावे.

नंतर पुढील नियम पाळावेत.

१. पाणी सुटल्यावर पहिला लोट गाळणीतून घेऊ नये. बाजूचा खटका फिरवून ते पाणी न गाळता बादलीत धरावे व कुंड्यांस किंवा सफाईस वापरावे. पाणी निवळ दिसू लागले की मग गाळणीचा खटका लावावा.

२. गाळणीतून केवळ पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी घ्यावे. भांडी घासणे व हात धुणे खटका फिरवून साध्या पाण्याने करावे. त्याने कार्ट्रिज पुष्कळ दिवस टिकते.

३. गरम पाणी गाळणीतून कधीही सोडू नये. कोळशाने धरलेली द्रव्ये पुन्हा सुटतात व धागे खराब होतात.

४. रात्रभर बंद असलेल्या गाळणीतील पहिले पाणी अर्धा मिनिट सोडून द्यावे. आठ-पंधरा दिवस गावी जाऊन आल्यास काही मिनिटे पाणी वाहू द्यावे. फार दिवस गेले असल्यास कार्ट्रिज बदलावे.

५. गाळलेले पाणी त्याच दिवशी संपवावे. हा नियम सर्वांत महत्त्वाचा असूनही सर्वांत कमी पाळला जातो. कोळसा क्लोरीन काढून घेतो. म्हणजे नळावर असलेला पहारेकरी गाळणीच्या पुढे उरत नाही. अशा पाण्यात एखाद्याने बोटे बुडविली किंवा मळका पेला घातला, तर जंतूंना रोखणारे काहीच नसते. म्हणून पाणी अरुंद तोंडाच्या, झाकणाच्या, रोज घासलेल्या भांड्यात ठेवावे व दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. तोटी असलेला पिंप असल्यास उत्तमच. ज्यांना पाणी दोन-तीन दिवस साठवावे लागते त्यांनी न गाळलेले, क्लोरीन असलेले पाणी साठवावे व पिण्यापूर्वी लागेल तेवढेच गाळून घ्यावे.

कार्ट्रिज केव्हा बदलावे ?

पुष्कळ घरांत गाळणी बसविली जाते, पण कार्ट्रिज बदलण्याचे राहून जाते. कोळशाची जागा भरली की तो नवे काही धरीत नाही. आणि ओलसर, क्लोरीन नसलेल्या कोळशात जंतूंची वस्ती होऊ शकते. तेव्हा मुदत संपलेली गाळणी पाणी सुधारण्याऐवजी बिघडविण्याचा संभव असतो. अशी गाळणी ठेवण्यापेक्षा काढून टाकणे बरे.

याचा हिशेब सोपा आहे. पाच माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास माणशी पाच लिटर धरले, तर दिवसास २५ लिटर पाणी लागते. कार्ट्रिजची क्षमता १,००० लिटर असल्यास ते ४० दिवस पुरेल. ४०० लिटर असल्यास केवळ १६ दिवस. समजा १,००० लिटरच्या कार्ट्रिजला ६०० रुपये पडतात, तर लिटरमागे खर्च ६० पैसे आणि महिन्यास सुमारे ४५० रुपये झाला. हा हिशेब दुकानातच करावा. जो खर्च दरमहा झेपणार नाही ती गाळणी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. कार्ट्रिज बसविल्याची तारीख त्याच्यावर किंवा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

पावसाळ्यात गढूळ पाण्याने कार्ट्रिज मुदतीपूर्वीच तुंबते. पाण्याची धार बारीक झाली म्हणजे ते बदलण्याची वेळ आली असे समजावे. उलट धार चांगली आहे म्हणून कार्ट्रिजही चांगले आहे, असा निष्कर्ष काढू नये. कोळसा संपला तरी धार कमी होत नाही.

कोळशाचे काम चालू आहे की नाही हे पाहण्यास ओ. टी. चाचणी उपयोगी पडते. गावातील जलसुरक्षकांस ती परिचित आहे. परीक्षानळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले असता पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरीन आहे. आधी साध्या नळाचे व नंतर गाळलेले पाणी तपासावे. नळाचे पाणी पिवळे व गाळलेले पाणी रंगहीन झाले, तर कोळसा काम करीत आहे. दोन्ही पिवळी झाली तर कोळसा संपला. आणि नळाचे पाणीच रंगहीन राहिले, तर तो गाळणीचा प्रश्न नव्हे. टाकी किंवा नळजोड तपासण्याची ती सूचना होय. चाचणीचे औषध विषारी असते. तपासलेले पाणी पिऊ नये, ओतून टाकावे व हात धुवावेत.

हीच गाळणी गावी नेली तर ?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. उपनगरात गाळणीपुढे येणारे पाणी आधी निवळलेले, वाळूतून गाळलेले व क्लोरीन दिलेले असते. गावी विहिरीचे किंवा ओढ्याकाठच्या कूपनलिकेचे पाणी टाकीत चढवून, क्लोरीन न देता नळास सोडले जात असेल, तर वरील तिन्ही कामांपैकी एकही झालेले नसते. दहा रुपयांच्या तुरटीचे, वाळूच्या थराचे आणि क्लोरीनचे काम त्या मुठीएवढ्या गाळणीने करावे, अशी अपेक्षा आपण करतो. माती निघते, पाणी चकचकीत दिसते, म्हणून घरचे लोक पाणी उकळणे सोडून देतात. जंतू मात्र दिसत नाहीत. गाळणी येण्यापूर्वी जे मूल उकळलेले पाणी पीत होते ते आता न उकळलेले पिऊ लागते, आणि हगवण लागली तरी कोणी पाण्यावर संशय घेत नाही.

म्हणून गावात पुढील क्रम पाळावा. प्रथम पाण्यात क्लोरीन असल्याची खात्री करून घ्यावी. ग्रामपंचायतीने टाकीत टी. सी. एल. पूड नियमितपणे घालावी. चांगल्या प्रतीची पूड, जिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, ती साधारणपणे १,००० लिटर पाण्यास अडीच ग्रॅम पुरते. पूड बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे पाणीच टाकीत ओतावे. आणि अर्ध्या तासानंतर पाणी सोडावे. गावाच्या टोकाच्या नळावर ओ. टी. चाचणीत पिवळा रंग आला म्हणजे काम झाले. पूड ओलसर जागी किंवा उघडी ठेवल्यास तिच्यातील क्लोरीन उडून जातो. घरापुरते करावयाचे असल्यास गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळू द्यावे, दुहेरी कापडातून गाळावे, मग बाटलीवरील सूचनेप्रमाणे क्लोरीनचे द्रावण घालून अर्धा तास थांबावे. एवढे झाल्यावर पिण्यापूर्वी नळावरील गाळणी वापरली, तर ती गावीही उपनगराइतकेच चांगले काम देईल.

शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विहिरीजवळ उकिरडा असेल किंवा शेतात युरियाचा मारा जास्त होत असेल, तर पाण्यात नायट्रेट वाढते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून, अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांस घातक ठरते. नळावरील गाळणी ते काढीत नाही, आणि पाणी उकळल्याने ते कमी न होता उलट दाट होते. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांत आढळणाऱ्या फ्लोराइडबाबतही असेच आहे. येथे उपाय एकच : पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून तपासणे आणि दोष आढळल्यास पिण्याकरिता दुसरा उद्भव शोधणे. फवारणीचे पंप विहिरीवर धुऊ नयेत आणि उकिरडा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस ठेवावा.

साथीच्या दिवसांत

हगवण, विषमज्वर किंवा काविळीची साथ असेल तेव्हा कोणत्याही नळाच्या गाळणीवर विसंबू नये. इचलकरंजीसारख्या नळाचे पाणी असलेल्या शहरातही २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती. शहरात नळ आहे म्हणून पाणी निर्दोषच असते असे नाही. काविळीचा विषाणू किती सूक्ष्म असतो हे वर सांगितलेच आहे. अशा दिवसांत पाणी खळखळून उकळू द्यावे, उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसेच ठेवावे व त्याच भांड्यात झाकून निववावे. गाळायचे असल्यास आधी गाळून मग उकळावे. उकळलेले पाणी पुन्हा गाळणीतून काढू नये. पाणी अचानक गढूळ, दुर्गंधीयुक्त किंवा फेसाळ येऊ लागल्यास ते पिऊ नये. उपनगरातील रहिवाशांनी महानगरपालिकेच्या १९१६ या क्रमांकावर व गावकऱ्यांनी ग्रामपंचायतीस ताबडतोब कळवावे. पाण्यात विष्ठेचा संसर्ग झाला आहे काय हे पाहण्यासाठी एच. टू. एस. चाचणीची बाटली मिळते. तीत पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवल्यावर ते काळे झाले, तर पाणी दूषित समजावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला मंडळाच्या बैठकीत व ग्रामसभेत ही माहिती द्यावी. शक्य असल्यास नळाचे व गाळलेले पाणी अशा दोन परीक्षानळ्या घेऊन ओ. टी. चाचणी सर्वांसमक्ष करून दाखवावी. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट चटकन पटते. मुंबईहून गाळणी पाठविणाऱ्या मुलास किंवा भावास आईवडिलांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हिचे कार्ट्रिज आपल्या बाजारात मिळेल काय, आणि आपल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे काय ? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत गाळणी खुशाल बसवावी, परंतु चुलीवरचे पाण्याचे पातेले उतरवू नये.